अर्जदाराला केबीची मर्यादा, पोर्टलला मात्र नाही

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

कोणत्याही ऑनलाइन अर्जाची शेवटची तारीख जवळ आली की मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून एकच तक्रार ऐकू येते, ती म्हणजे 'सर्व्हर डाऊन आहे'. बातम्यांत तेच छापून येते, अधिकारी तेच सांगतात आणि मुदतवाढ मिळाली की विषय तिथेच मिटतो. लातुरात राहून वेब ॲप्लिकेशन तयार करण्याचे काम करणारा माणूस या नात्याने मला या तक्रारीविषयी थोडे तपशिलात लिहायचे आहे. कारण पुष्कळदा सर्व्हर चालू असतो, मागितलेले देतही असतो, आणि तरीही अर्जदाराच्या फोनवर पांढऱ्या पडद्याखेरीज काही दिसत नाही. अशा वेळी दोष बहुधा जावास्क्रिप्टच्या फायलींच्या ओझ्याचा असतो, आणि त्या फायली किती, कधी व कोणत्या क्रमाने मागवायच्या हे सर्वस्वी पोर्टल बांधणाऱ्याच्या हातात असते.

जावास्क्रिप्ट ही ब्राउझरमध्ये, म्हणजे संकेतस्थळे उघडणाऱ्या ॲपमध्ये, चालणारी प्रोग्रामिंगची भाषा. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत तिचा पहिला आराखडा अवघ्या दहा दिवसांत उभा केला, तेव्हा पानावर थोडीफार हालचाल करावी, रकाना रिकामा राहिल्यास सूचना द्यावी, एवढीच तिच्याकडून अपेक्षा होती. आज पुष्कळ पोर्टलांचे मूळ पान जवळजवळ कोरे असते. त्यात एका मोठ्या फायलीचा पत्ता तेवढा असतो, आणि योजनेचे नाव, रकाने, बटणे, जिल्हा-तालुक्यांच्या याद्या हे सगळे ती फाइल पूर्ण उतरून चालू झाल्यावर पडद्यावर उमटते. फायलीचा शेवटचा तुकडा हाती येईपर्यंत ब्राउझर ती चालवत नाही. त्यामुळे नव्वद टक्के फाइल आलेली असताना रेंज गेली, तर अर्जदाराला नव्वद टक्के पान दिसत नाही, काहीच दिसत नाही.

हिशेब साधा आहे. पहिले पान उघडण्यासाठी ३ एमबी जावास्क्रिप्ट उतरवावे लागते असे धरू. सेकंदाला १ मेगाबिट वेग मिळत असेल तर (आणि आठवडी बाजाराच्या दिवशी सगळे गाव एकाच टॉवरवर आले की तेवढाही मिळेलच असे नाही) नुसते उतरवण्यातच २४ सेकंद जातात. तीच फाइल ३०० केबीची असती तर हे काम अडीच सेकंदांच्या आत झाले असते. उतरवणे हा खर्चाचा पहिला भाग झाला. ३ एमबीचा फोटो आणि ३ एमबीचे जावास्क्रिप्ट यांचा भार फोनवर सारखा पडत नाही. फोटो उलगडून दाखवला की काम संपते. जावास्क्रिप्ट मात्र वाचावे लागते, त्याचा अर्थ लावावा लागतो, यंत्राच्या भाषेत उतरवावे लागते आणि मग चालवावे लागते. त्यातले बरेचसे काम ज्या धाग्यावर (म्हणजे कामांच्या ज्या एका रांगेत) चालते त्याच धाग्यावर अर्जदाराच्या बोटाच्या स्पर्शाला उत्तर द्यायचे असते, म्हणून पान दिसू लागल्यावरही बटण दाबले तरी ते दाबले जात नाही. आठ-नऊ हजारांच्या फोनवर हे प्रकर्षाने जाणवते. फायली दाबून लहान करून पाठवल्या जातात हे खरे, परंतु त्यामुळे फक्त वाटेतला वेळ वाचतो. फोनवर उलगडल्यानंतर वाचण्याचे काम मूळच्या आकाराइतकेच राहते.

आणि ही तीच पोर्टले आहेत, जी अर्जदाराला फोटो ५० केबीच्या आत आणि पासबुकाची प्रत २०० केबीच्या आत आणायला लावतात. तो बिचारा फोटो बारीक करून घेण्यासाठी सेवा केंद्रावर दहा-वीस रुपये मोजतो. स्वतः पोर्टल त्याच्याकडे किती केबी धाडते, याची विचारणा करणारा कोणताही रकाना कुठे नाही.

अशाच एका अर्जाचे पहिले पान मी ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये (पानासाठी काय काय उतरले ते दाखवणाऱ्या विभागात) उघडून पाहिले. कोणते, ते सांगण्याची गरज नाही. अशी पाने पुष्कळ आहेत. त्या पानावर अर्जदाराने मोबाइल क्रमांक टाकायचा आणि ओटीपी मागवायचा, एवढेच काम होते. त्यासाठी आलेल्या फायलीत पोचपावतीची पीडीएफ तयार करणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, होता, जिची गरज सर्वांत शेवटच्या पानावर पडते. आलेख काढणारी लायब्ररी होती. अर्जदाराला एकही आलेख दिसत नाही, ते आलेख कार्यालयातल्या अधिकाऱ्यांच्या डॅशबोर्डसाठी, म्हणजे आकडेवारीच्या पडद्यासाठी, होते, आणि तो डॅशबोर्डही त्याच फायलीत होता. नकाशा होता. तारखा मांडणारी 'मोमेंट' ही लायब्ररी होती आणि तिच्यासोबत जगभरातल्या भाषांमधली महिन्यांची व वारांची नावे होती. हा शेवटचा प्रकार आमच्या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे, कारण वेबपॅक या फायली एकत्र बांधणाऱ्या साधनाने मोमेंट जोडली की मुद्दाम अडवल्याशिवाय सगळ्या भाषांच्या फायली आपोआप आत येतात. मोमेंटच्या कर्त्यांनीच २०२० मध्ये जाहीर केले की नव्या प्रकल्पांनी ती वापरू नये, तरीही ती जुन्या सांगाड्यांबरोबर फिरतेच आहे. मोंढ्यात एक कट्टा सोयाबीन न्यायचे असेल तर खळ्यावरची अख्खी रास कोणी ट्रॉलीत भरत नाही. इथे मात्र ती भरली जाते, आणि डिझेल अर्जदाराच्या डेटा पॅकमधून जळते.

सगळे काही एकाच फायलीत कोंबण्याची सवय अगदीच अकारण लागलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. सर्व्हरशी देवाणघेवाण करण्याच्या जुन्या एचटीटीपी पद्धतीत ब्राउझर एका सर्व्हरशी एका वेळी साधारण सहाच जोडण्या करत असे, त्यामुळे शंभर लहान फायली मागवण्यापेक्षा एक मोठी मागवणे परवडत होते. २०१५ मध्ये एचटीटीपी-२ आले आणि एकाच जोडणीवरून अनेक फायली एकत्र येऊ लागल्या. कारण गेले, सवय राहिली.

यावरचा उपाय जुना आणि परिचित आहे: पहिल्या पडद्याला जे लागते तेच आधी पाठवायचे आणि बाकीचे मागणी होईल तेव्हा मागवायचे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी यासाठी प्रोग्रामर कोडमधूनच एक स्क्रिप्ट टॅग (फाइल मागवायला सांगणारी पानातली ओळ) तयार करत, त्याला फायलीचा पत्ता देत, तो पानाला जोडत आणि फाइल उतरल्याची सूचना मिळाली की पुढचे काम सुरू करत. या युक्तीत एक खोच होती. अशा प्रकारे जोडलेल्या फायली ज्या क्रमाने मागवल्या त्याच क्रमाने चालतील याची हमी नसते. जी आधी पोचेल ती आधी चालते. त्यामुळे जेक्वेरी या लायब्ररीवर उभे असलेले एखादे प्लगइन (जोड-कोड) जेक्वेरीच्या आधी पोचले की पान कोसळायचे, आणि तेही कधी कधीच, म्हणजे ऑफिसच्या वेगवान नेटवर कधी नाही आणि गावाकडे नेमके. हा गुंता सोडवण्यासाठी फायलींचा क्रम सांभाळणारी रिक्वायरजेएससारखी साधने आली. पुढे २०१५ च्या आवृत्तीत भाषेतच मॉड्यूलची, म्हणजे कोडच्या स्वतंत्र भागांची, सोय झाली आणि २०२० च्या आवृत्तीत मागणीनुसार मॉड्यूल आणणारा 'इम्पोर्ट' अधिकृतपणे भाषेचा भाग झाला. आता प्रोग्रामरला एका ओळीत सांगता येते की हे मॉड्यूल आण आणि आल्यावर मला कळव. तेच मॉड्यूल दुसऱ्यांदा मागितले तर ते पुन्हा उतरत नाही, आधीचेच मिळते. वेबपॅक, रोलअप, व्हीट यांसारखी साधने हा इम्पोर्ट दिसला की तेवढ्या भागाची वेगळी फाइल आपोआप कापून देतात. रिॲक्ट या पाने बांधण्याच्या चौकटीत २०१८ पासून त्यासाठी 'लेझी' आहे, अँग्युलर आणि व्ह्यू या चौकटींकडे आपापल्या सोयी आहेत. थोडक्यात, हे न करण्यासाठी आता तांत्रिक सबब उरलेली नाही.

फाइल कुठे कापायची हा मात्र विचाराचा भाग आहे आणि तो साधनावर सोडता येत नाही. पहिला काप पानांनुसार: लॉगिन, अर्ज, कागदपत्रे, पोचपावती. दुसरा भूमिकेनुसार: नागरिकाचे वेगळे, तालुका कार्यालयाचे वेगळे, जिल्ह्याचे वेगळे. (डॅशबोर्ड वेगळ्या फायलीत गेला म्हणजे तो सुरक्षित झाला असे मात्र कोणी समजू नये, ज्याला फायलीचा पत्ता ठाऊक आहे त्याला ती उतरवता येते. अधिकाराची तपासणी सर्व्हरवरच व्हायला हवी.) तिसरा काप कृतीनुसार असतो. फोटो लहान करणारे मॉड्यूल अर्जदाराने 'फाइल निवडा' या बटणाला हात लावल्यावर मागवता येते, आणि तो गॅलरीत फोटो शोधत असेपर्यंत ते येऊनही पोचते. असे मॉड्यूल पोर्टलने स्वतः दिले, तर फोटो बारीक करण्यासाठी कोणाला सेवा केंद्राची पायरी चढावी लागणार नाही, हा आणखी एक फायदा.

आता ज्या भागाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते त्याविषयी. मागणीनुसार फाइल आणायची म्हटले की ती न येण्याची शक्यताही आलीच. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या गावांत रेंज खिडकीपाशी असते आणि दोन पावले आत आले की नसते. अर्जदाराने चार रकान्यांचे पान भरले, 'पुढे' दाबले, पुढच्या पानाची फाइल मागितली गेली आणि ती आली नाही. प्रोग्रामरने या शक्यतेसाठी एकही ओळ लिहिलेली नसेल तर बटण नुसते मुके राहते. अर्जदार ते पुन्हा पुन्हा दाबतो, मग पान रिफ्रेश करतो आणि भरलेले सगळे पुसले जाते. म्हणून फाइल मागवण्याच्या प्रत्येक ठिकाणी ती न आल्यास काय करायचे हे लिहिलेले असलेच पाहिजे: थोडे थांबून पुन्हा प्रयत्न, तोही फसला तर 'नेट नाही, तुम्ही भरलेली माहिती तशीच आहे, पुन्हा प्रयत्न करा' असा मराठीतला स्पष्ट मजकूर, आणि त्याखाली एक बटण. भरलेली माहिती ब्राउझरमध्ये तात्पुरती जपून ठेवता येते, परंतु सेवा केंद्राचा संगणक दिवसभरात अनेकांच्या हातांखालून जातो, त्यामुळे आधार क्रमांक आणि बँक खाते त्यात कधीही मागे राहू देऊ नये.

याच्याही पुढे जाऊन मी असे म्हणेन की जे चुकून चालणार नाही ते मागणीच्या क्षणी आणूच नये. अर्ज सादर करण्याचा कोड शेवटच्या बटणावर मागवणे ही काटकसर नव्हे. पहिले पान दिसून वापरता येऊ लागले की, अर्जदार नाव-पत्ता लिहीत असताना, तो भाग मागच्या बाजूने शांतपणे उतरवून ठेवावा. पीडीएफ, नकाशा आणि आलेख यांच्यासाठी थांबता येते, सादर करण्यासाठी नाही.

दुसरा धोका पोर्टलची नवी आवृत्ती चढवण्याच्या वेळचा आहे आणि सेवा केंद्र चालवणाऱ्यांना तो कारण न कळता रोज भोवतो. कापलेल्या फायलींच्या नावात त्यांच्या मजकुरावरून काढलेली एक खूण असते. मजकूर बदलला की नाव बदलते. ही पद्धत चांगली आहे, कारण त्यामुळे ब्राउझर अशी फाइल वर्षभर निर्धास्तपणे साठवून ठेवू शकतो. परंतु केंद्रचालक सकाळी नऊला टॅब उघडतो तो रात्रीच बंद करतो. दुपारी दोनला कंत्राटदाराने नवी आवृत्ती चढवली आणि जुन्या फायली पुसून टाकल्या, तर त्या उघड्या टॅबमधले सकाळचे पान ज्या फायली मागते त्या सर्व्हरवर उरलेल्याच नसतात. कित्येक सर्व्हर अशा वेळी 'फाइल नाही' असे सरळ सांगण्याऐवजी मुखपृष्ठच धाडतात. ब्राउझर जावास्क्रिप्टची वाट पाहत असतो आणि त्याच्या हाती एचटीएमएल, म्हणजे पानाचा सांगाडा, पडतो. केंद्रचालकाच्या तोंडी अर्थातच 'सर्व्हर डाऊन'. उपाय फुकटात आहे. जुन्या फायली निदान आठवडाभर ठेवाव्यात, नसलेल्या फायलीसाठी खरे उत्तर द्यावे, मूळ पान साठवू देऊ नये, आणि शेवटच्या तारखेच्या आदल्या दोन दिवसांत नवी आवृत्ती चढवूच नये.

उत्साहाच्या भरात फायलीचे शंभर तुकडे करणाऱ्यांनाही आवरले पाहिजे. एक तुकडा आल्यावर त्याला दुसरा हवा असल्याचे कळते, दुसरा आल्यावर तिसरा, आणि दर वेळी सर्व्हरपर्यंत एक फेरी होते. आपल्याकडच्या कमजोर जोडणीवर आकारापेक्षा या फेऱ्याच महाग पडतात. कोणते तुकडे लागणार आहेत हे पानाच्या सुरुवातीलाच ब्राउझरला सांगण्याची सोय आहे, तिचा वापर करावा. पुढच्या पानांच्या फायली आधीच आणून ठेवण्याचीही सोय आहे, परंतु ती दुसऱ्याच्या डेटावर केलेली उधळपट्टी ठरू शकते. ज्याने फोनमध्ये डेटा बचत चालू ठेवली आहे त्याच्या बाबतीत तरी ती टाळावी. काही ब्राउझर ही इच्छा पोर्टलला कळवतातही, पोर्टले ती विचारात घेत नाहीत इतकेच.

यावर मला नेहमी ऐकवले जाते की आता फोर-जी आले, फाइव्ह-जी आले, मग ही केबी-केबीची कुरकुर कशाला? त्याचे उत्तर फोनच्या प्रोसेसरमध्ये आहे. टॉवर बदलला म्हणून शेतकऱ्याच्या खिशातला फोन बदलत नाही. दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे: डेटाबेसच वाकला असेल तर फायली लहान करून काय होणार? काहीच होणार नाही, हे मान्य. शेवटच्या दिवशी लाखो अर्ज एकदम आले की खरोखर सर्व्हर बसतो आणि त्याचा इलाज वेगळा आहे. परंतु 'सर्व्हर डाऊन' या एकाच शब्दाखाली दोन निराळे आजार झाकले जात असतील तर एकाचेही निदान होत नाही. आणि जड पान उघडेना म्हणून दहा-दहा वेळा रिफ्रेश करणारा अर्जदार सर्व्हरवरचा भार वाढवतच असतो.

खरे पाहता पुष्कळ अर्जांना एवढ्या जावास्क्रिप्टची गरजच नसते. नाव, गट क्रमांक, क्षेत्र, बँक खाते हे साध्या एचटीएमएल फॉर्ममध्ये भरून घेता येते. ब्रिटन सरकारचे मुख्य संकेतस्थळ जावास्क्रिप्ट चालले नाही तरी वाचता यावे अशा धोरणाने बांधलेले आहे आणि त्यांनी २०२२ मध्ये जेक्वेरीदेखील काढून टाकली. आपल्याकडे मात्र कंत्राटदार जी चौकट त्याला येते ती आणतो आणि कार्यालय पडदा देखणा दिसला की सही करते. वेबपॅक तर २५० केबीच्या आसपास फाइल गेली की स्वतःहून इशारा देते. तो इशारा एका ओळीत बंद करता येतो आणि बहुतेक ठिकाणी तो बंदच केलेला असतो.

म्हणून माझी सूचना निविदा काढणाऱ्यांना आहे. सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत आणि त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. राज्यातल्या विभागांनी, विद्यापीठांनी आणि जिल्हा परिषदांनी आपल्या निविदांत त्यांचा उल्लेख करून थांबू नये. पहिल्या पानाला लागणाऱ्या जावास्क्रिप्टची कमाल मर्यादा केबीत लिहावी. पाहणी ऑफिसच्या वायफायवर लॅपटॉपने करू नये. स्वस्त फोनवर, मंद केलेल्या नेटवर, मध्येच जोडणी तोडून करावी. स्पर्शाला २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद मिळावा, हा जगभर मानला जाणारा निकष त्यात घालावा. लाइटहाउस हे मोजमापाचे साधन मोफत आहे. नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुले अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय शोधत असतात. त्यांना हे काम दिले तर तपासणीचा खर्चही फारसा येणार नाही. या अटी पूर्ण झाल्याशिवाय कंत्राटदाराचे शेवटचे देयक निघू नये.

तोवर सेवा केंद्रचालकांना एक करता येईल. पान उघडेना तेव्हा संगणकावर एफ-१२ दाबून नेटवर्क हा विभाग उघडावा, त्यात फक्त जेएस निवडावे आणि पान पुन्हा लोड करावे. खालच्या पट्टीवर एकूण किती एमबी आले ते दिसते, आणि लाल रंगात कोणती फाइल अडकली तेही दिसते. त्या पडद्याचा फोटो काढून, तारीख-वेळेसह, तक्रारीला जोडावा. 'साइट चालत नाही' या तक्रारीला 'सर्व्हर डाऊन होता' असे उत्तर देता येते. फायलीचे नाव आणि आकार लिहिलेल्या तक्रारीला ते उत्तर चालणार नाही.

कळावे,

आपला विश्वासू,
एक वाचक, लातूर